टाकी भरल्याचा निरोप

मंगळवार, ३ सप्टेंबर

भाऊजी,

पोचल्याचं कळवायची पद्धत तुमच्या लेकीच्या गावात बंद झाली आहे का? महिना होत आला. पोस्टमन दारावरून जाताना आता माझ्याकडे बघायचंच टाळतो. पत्र येत नाही हा आपलाच गुन्हा, असं वाटत असावं बिचाऱ्याला. फोन करावा तर तुम्ही "सगळं ठीक" म्हणून मोकळे होता आणि मला पुढे काही सुचत नाही. कागदावर निदान मला मध्येच कोणी थांबवत नाही.

इथे तुमच्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. म्हणजे उगाच हुरळून जायला नको.

आजचाच दिवस घ्या. सकाळी दूध उतू गेलं. ते पुसते आहे तोवर ह्यांचा चष्मा हरवला. घरभर शोधाशोध, मला दोष, आणि चष्मा निघाला फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी. मी हसले तर रागावले. मग राग दाखवायला न खाता दुकानात निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले, कारण दुकानाची किल्ली घरातच राहिली होती. आल्यासारखं पाव-लोणी खाऊन गेले. एवढं होईतो मागच्या गल्लीत आरडाओरडा. आपली टाकी भरून वाहत होती आणि मागच्या शिंपीणबाईंनी दोरीवर टाकलेलं गिऱ्हाइकांचं कापड भिजून चिंब झालं होतं. या महिनाभरात ही दुसरी की तिसरी वेळ. बाई तावातावाने आल्या आणि मला म्हणाल्या, अहो, तुम्ही तर ते टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं ऑटोमॅटिक बसवलं होतं ना? त्याचं काय झालं?

त्याचं असं झालं की ह्यांनी ते काढून टाकलं. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. का, ते विचारलं तर म्हणाले, बिघडलं. हा माणूस उभा जन्म दुसऱ्यांचे पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो, आणि स्वतःच्या हाताने बसवलेली वस्तू बिघडली म्हणून सांगतो. मी मान डोलावली.

आता पुन्हा पहिल्यासारखं. स्वयंपाकघरातलं बटण दाबून पंप सुरू करतात आणि पाइपाला टेकून उभे राहतात. वर कोणी नाही हे ह्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, पाइपालाही माहीत असेल. कशासाठी थांबलात म्हणून विचारलं तर म्हणतात, पाण्याचा आवाज ऐकतोय. मग कंटाळून बाहेर जातात, विसरतात, आणि शिंपीणबाईंचं कापड भिजतं.

तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालात त्याला किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. जिन्यातला गेलेला बल्ब कोणी बदलायचा इथून सुरुवात झाली आणि तासाभरात तुम्ही वडिलांपर्यंत पोचलात, एवढं आठवतं. पण अबोल्यातही सकाळचं पाणी चुकलं नाही. हे खालून पंप लावायचे, तुम्ही वर गच्चीच्या शिडीवर चढून टाकीत डोकवायचात आणि भरली की पाइपावर चमचा वाजवायचात. हे पंप बंद करून खालून एकदा ठोकायचे. ऐकलं, बंद केला. तुमचा मूड असेल तेव्हा चमचा तालात वाजायचा. मग हे खाली पुटपुटायचे, "ड्रॉइंग मास्तर आज खुशीत आहेत." मला वाटायचं, काय ही दोन म्हातारी पोरं. आता सकाळी स्वयंपाकघर फार शांत असतं. मला ते आवडत नाही, हे लिहून टाकते. ह्यांना सांगणार नाही.

वरच्या खोल्यांचं काय करायचं ते कळवा. मी अधूनमधून वर जाऊन झाडून येते. तुमच्या रंगांच्या बाटल्या अजून खिडकीतच आहेत.

वहिनी

 

मंगळवार, १० सप्टेंबर

भाऊजी,

पत्र मिळालं. एवढंसं पत्र, आणि त्यात इतकं कडू कसं भरलंत?

"लेकीकडे हॉलमध्ये ऐसपैस आहे," असं लिहिलंत. म्हणजे तुम्ही हॉलमध्ये झोपता. मला वाचता येतं. "नातू अभ्यासाला बसला की मी फिरायला जातो," हेही वाचलं. संध्याकाळभर फिरत असाल दुखरा गुडघा घेऊन. जावयाबद्दल एकही तक्रार नाही, लेकीबद्दलही नाही. खरंच तक्रार नसती तर तुम्ही बारीकसारीक तक्रारी केल्या असत्यात, एवढी तुम्हाला मी ओळखते.

आणि मग शेवटी तुम्ही लिहिलंत ते. दादाला माझी एवढीही अडचण होत होती, हे ते यंत्र बसल्यावर समजलं. सकाळी एकदा चमचा वाजवायचा, एवढंच माझं या घरात काम उरलं होतं, तेही काढून घेतलं. पहिल्या दिवशी तरीही शिडी चढून वाजवून पाहिलं. खालून उत्तर आलं नाही. तेव्हा वरच्या खोल्या भाड्याने द्याव्यात, कोणी चांगलं माणूस मिळालं की मी येऊन सही करीन.

म्हणजे तुम्ही यासाठी गेलात? मला तर सांगितलं होतंत की लेक फार आग्रह करते आहे.

तुमचं पत्र घेऊन मी तडक दुकानात गेले. हे पंख्याचं पातं सरळ करत होते. मी मोठ्याने वाचून दाखवलं. हातातलं काम थांबलं. मग ह्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. आणि ते मी तुम्हाला लिहू शकत नाही, कारण लगेच पुढे म्हणाले, "यातलं एक अक्षर त्याला कळवायचं नाही. कीव केली म्हणेल." मी खूप वाद घातला. शेवटी माझ्याकडून शब्द घेतला. नाहीतर उद्यापासून माझा चहा मीच करून घेईन, असं बजावलं. मागे एकदा ह्यांनी चहा केला होता तेव्हा भांडं टाकून द्यावं लागलं होतं, म्हणून मी हो म्हटलं असं समजू नका. मी हो म्हटलं कारण दुकानात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते बघवेना.

एवढंच लिहिते की तुमचं चुकतं आहे. साफ चुकतं आहे. इथे या आणि समोर बसून त्यांनाच विचारा. भाडेकरूचं निमित्त काढून का होईना, या. वरच्या खोल्या बघायला एक जोडपं आलं होतं. ती नर्स आहे, तो बेकरीत कामाला आहे. माणसं चांगली दिसली, हीच पंचाईत. वाईट असती तर मीच परतवून लावली असती. आता तुम्ही येऊन राहताय की खोल्या देताय, याच्यावर ती ताटकळली आहेत. आणि खरं सांगू, आम्हीही.

बाकी घरचं काय लिहू. इस्त्री करताना ह्यांच्या चांगल्या शर्टाची कॉलर जाळली. शिंपीणबाईंनी उलटी करून शिवून दिली आणि त्याबद्दल टाकीचं प्रकरण पुन्हा एकदा सविस्तर ऐकवलं.

२२ तारखेच्या रविवारी या. मी वाट बघते.

वहिनी

 

सोमवार, २३ सप्टेंबर

भाऊजी,

काल तुमची गाडी सुटली असेल तेव्हापासून मी मनातल्या मनात हे पत्र लिहिते आहे. आज दुपारी कागद घेतला. सकाळी भाजी करपली, नळ नीट बंद केला नाही, मोलकरणीवर विनाकारण खेकसले आणि मग तिची माफी मागितली. असा दिवस चालला आहे.

काल तुम्ही आलात तेव्हा मी दार उघडलं. किती वाळलात. हे बाहेरच्या खोलीत होते. तुम्ही "कसा आहेस?" म्हणालात आणि हे "बरा" म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडाने बोललात, आणि बोललात ते एवढंच. पण मला तेवढ्यानेही भरून आलं. म्हटलं, आता गाडी रुळावर आली. दोघांना मोकळं सोडावं म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे उकडायला ठेवले.

कान मात्र बाहेरच होते. तुम्ही नर्सबाईंविषयी बोललात. हे म्हणाले, माणसं बरी वाटतात. तुम्ही म्हणालात, हो, बरी आहेत. मग छताची गळती, मग हवा, मग पुन्हा माणसं बरी वाटतात. मी चाकू घेऊन कांद्यावर राग काढत होते.

मग तुम्ही पाणी प्यायला आत आलात. पेला हातात घेऊन खिडकीशी उभे राहिलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वहिनी, दादा नुसतं 'राहा' म्हणाला असता ना, तरी मी सामान आणायला गेलो असतो."

मी काय म्हटलं, आठवतं? मी म्हटलं, "बटाटे होतायत, खाऊन जा."

तुम्ही बाहेर गेलात. बटाटे अजून शिजायचे होते, तोच हे आत आले. काडेपेटी पाहिजे म्हणाले. हे विडी-सिगारेट ओढत नाहीत, काडेपेटी कशाला पाहिजे? जवळ येऊन हळूच विचारलं, "राहतोय का गं तो? तुला काही बोलला का?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. त्यावर म्हणाले, "मी मोठा आहे. मी 'राहा' म्हटलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. लेकीकडे सुखात असेल आणि माझ्या शब्दासाठी इथे येऊन कुढत बसेल. त्याचं त्याने ठरवू दे."

भाऊजी, तुमचं वाक्य आणि ह्यांचं वाक्य, दोन्ही माझ्या स्वयंपाकघरात पडली होती. मी फक्त तोंड उघडायचं होतं. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं की भाऊजींना राहायचं आहे आणि ह्यांना ठेवून घ्यायचं आहे, आता बसा जेवायला.

मी नाही उघडलं. शब्द दिला होता, हे कारण सांगता येईल. पण शब्द फक्त त्या ऑटोमॅटिकबद्दल होता, याबद्दल नव्हता. खरं कारण मला राग आला होता. इतकी वर्षं मी तुमच्या दोघांमध्ये निरोप्याचं काम केलं. वाटीभर भाजी वर न्यायची, वर्तमानपत्र खाली आणायचं, याने विचारलंय, त्याने सांगितलंय. काल मला वाटलं, आता तुमचं तुम्ही निस्तरा. एवढे मोठे बाप्ये आहात, एक वाक्य तुम्हाला बोलता येऊ नये? या हट्टापायी मी बटाटे सोलत बसले. नर्सबाई आणि तिचा नवरा आले, सह्या झाल्या, तुम्ही किल्ली त्यांच्या हातात दिलीत. तेव्हाही मी चहाचे कप मांडत होते.

तुम्ही बटाटे न खाताच गेलात. हे दारात उभे राहिले, मग फाटकापर्यंत गेले, आणि तिथून पुढे गेले नाहीत. आत येऊन मला म्हणाले, "बघ, राहिला नाही." जणू तुम्हीच नको म्हणालात.

मी चुकले, भाऊजी. काल दुपारी घरात सगळं होतं, तुम्ही होतात, हे होते, खोल्या रिकाम्या होत्या, आणि मी रुसून बसले. याची खंत मला मरेपर्यंत पुरेल.

आता दिलेला शब्दही मोडते. ते ऑटोमॅटिक ह्यांनी तुमच्या गुडघ्यासाठी बसवलं. पावसात तुम्ही शिडीचा दांडा घट्ट धरून एकेक पायरी चढत होतात, ते ह्यांनी मागच्या दारातून पाहिलं होतं. त्या दिवशी जेवले नाहीत. मग दुकानात बसून कुठकुठचे सुटे भाग जमवून ते यंत्र तयार केलं आणि तुम्ही मागे दोन दिवस लेकीकडे गेला होतात तेव्हा वर चढून बसवलं. चढताना ह्यांचाही जीव वर-खाली होत होता. मला वाटलं, हौस आहे. मी दुकानात विचारलं, मग तसं भाऊजींना सांगितलं का नाही? तर मला म्हणाले, "बोलणं बंद आहे ना."

आणि तुम्ही पहिल्या दिवशी चमचा वाजवलात तो ह्यांनी ऐकला. हात पाइपापर्यंत गेला होता म्हणे. मग मागे घेतला. उत्तर दिलं तर हा रोज शिडी चढत राहील, असं वाटलं.

एवढंच. याउपर माझ्याकडे लपवायला काही नाही.

वहिनी

 

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

भाऊजी,

याच पाकिटात आधीचं पत्र आहे. ते आधी वाचा. लिहून झाल्यावर पोस्टात टाकायचा धीर झाला नाही. रोज पर्समध्ये घालून बाजारात न्यायचे आणि भाजीबरोबर परत आणायचे. पाकिटाला कोथिंबिरीचा वास लागला असेल, तर तो त्यामुळे.

वर नर्सबाई राहायला आली. बोलायला गोड आहे. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि नवरा पहाटे बेकरीत. दोघांची गाठ जिन्यातच पडते. ह्यांनी ते ऑटोमॅटिक परत बसवून दिलं. मी म्हटलं, बिघडलं होतं ना? तर म्हणाले, परक्या माणसांना कशाला शिडी चढायला लावायची. आता शिंपीणबाई खूष आहेत. सकाळी पंप आपला लागतो, आपला बंद होतो, आणि हे तेव्हा अंथरुणातच असतात. उठून करायचं काय, म्हणतात.

तुमच्या रंगांच्या बाटल्या, कागद आणि ती मोडकी खुर्ची मी खाली आणून ठेवली आहे. खुर्ची फेकून देणार होते. ह्यांनी फेकू दिली नाही.

परवा दुपारी मला ते ओझं सहन होईना. हे जेवून बसले होते. मी समोर बसले आणि आधीचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुम्ही स्वयंपाकघरात काय म्हणालात ते आलं तेव्हा मला थांबवून तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. शब्द मोडला होता, आणि त्या दिवशी गप्प बसले होते, दोन्हीचा मिळून चांगली खरडपट्टी निघायला हवी होती. पण ओरडले नाहीत. म्हणाले, "तू तरी काय करणार. आम्हीच दोघं तसले." उठून दुकानात गेले, आणि मी तिथेच बसून रडले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता वर जागा नाही. नर्सबाईला वर्षभर उठवता येणार नाही आणि मला तिला उठवायचंही नाही. जे हातचं घालवलं ते घालवलं. तुम्ही एकाच घरात म्हातारपण काढलं असतंत, भांडत का होईना, ते आता तसं कधी होणार नाही, हे मला समजतं.

पण काल सकाळपासून हे मागच्या खोलीत काहीतरी ठोकाठोक करत आहेत. तिथला माझा धान्याचा डबा, जुने पेपर, पेट्या, सगळं बाहेर ओसरीवर आणून टाकलं. मी म्हटलं, हे काय चाललंय? ठोकणं चालूच. शर्टाला घाम, केसांत जळमटं, दुकान बंद. आज संध्याकाळी मला आत बोलावून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, हे भाऊजींना लिहा. म्हणाले, तू लिही. मी म्हटलं, नाही, या वेळी मी नाही लिहिणार, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. दोन कागद फाडले. शेवटी जे लिहिलं ते खाली आहे. वाचून तुम्ही म्हणाल, हे काय पत्र आहे? म्हणून आधीच सांगून ठेवते. मागे ह्यांनी तुमच्यासाठी एक वस्तू बसवली तेव्हा तिचा अर्थ तुम्हाला सांगायला कोणी नव्हतं. हा माणूस असंच बोलतो. खालच्या ओळींचा अर्थ 'ये' असा आहे, दुसरा काही नाही. तुम्ही आता नाही म्हणालात तरी चालेल, लेकीकडे बरं असेल तर तसं स्पष्ट लिहा. पण या वेळी न समजल्यामुळे नाही म्हणू नका.

वहिनी

 

मागच्या खोलीला पंखा लावला आहे. आवाज करत नाही. दारातली पायरी उंच होती, ती फोडून दोन केल्या आहेत. धरायला दांडा बसवला आहे. तुझा उजवा गुडघा दुखतो ना, म्हणून उजव्या हाताला बसवला. डावा असेल तर कळव, बदलतो.

दादा